परक्या घड्याळाची चाकरी

हैद्राबादेत १९९८ साली माधापूर भागात सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि शहराच्या पश्चिमेस एक नवे नोकरपेशी जग वसू लागले. तेथील पुष्कळशा तरुण अभियंत्यांचा दिवस इथल्या सूर्यावर चालत नाही. तो परदेशी ग्राहकाच्या घड्याळावर चालतो. न्यूयॉर्कला दुपारचे १२ वाजतात, तेव्हा हैद्राबादेत उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात. घरची मंडळी निजानीज करू लागतात, तेव्हा याची बैठक रंगात येते.

२०१९ साली मेट्रो हायटेक सिटीपर्यंत पोहोचली. कोठीचा रहिवासी आता अमीरपेटला गाडी बदलून, रस्त्यावरील गर्दीत न अडकता कामावर जातो. २०२० च्या महामारीने तर कचेरीच घरात आणून ठेवली. प्रवासाचे तास वाचले खरे. पण ते विश्रांतीच्या खाती जमा झालेच असे नाही. अनेकांच्या बाबतीत कामानेच ते गिळले.

यात हानी एकट्या तरुणाची नाही. १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्था, ग्रंथालये, नाट्यमंडळे ही माणसांनी दिलेल्या फावल्या वेळावर जगतात. वर्गणी दूर बसूनही धाडता येते. संध्याकाळ मात्र स्वतःच द्यावी लागते. तेव्हा आठवड्यातील एक तरी संध्याकाळ तरुणाने निग्रहाने राखून ठेवावी, आणि वडीलधाऱ्यांनी त्याला पगाराचा आकडा विचारण्याआधी तो जेवला केव्हा, हे विचारावे.