दात आणि शब्द
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मनुष्य मनुष्यास का चावतो, हा आमचा आजचा विषय वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या घरी दीड-दोन वर्षांचे मूल आहे, तेथील मातेस तो तसा वाटणार नाही. शेजारच्या मुलाच्या दंडावर दात उमटले की बालवाडीतून तक्रार येते, आणि 'वाईट वळणाचे पोर' असा शिक्का त्या अजाण जिवावर कायमचा बसतो.

निसर्गाचा क्रम पाहावा. पहिला दात बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो; पहिला अर्थपूर्ण शब्द वर्षाच्या आसपास; आणि 'मला राग आला' असे सांगता येण्यास त्याहून पुष्कळ अवधी लागतो. म्हणजे दात आधी, शब्द मागाहून. मधल्या काळात हिरड्यांची शिवशिव, भूक, अपुरी झोप, खेळणे हिसकावले गेल्याचा संताप, हे सारे तोंडावाटेच व्यक्त होते. बहुतेक मुलांची ही खोड तिसऱ्या वर्षानंतर, भाषा येऊ लागताच, सुटते.

मोठ्यांचे तरी काय? दात-ओठ खाणे, दात धरणे, खाऊ की गिळू असे पाहणे, हे आपले वाक्प्रचारच साक्ष देतात. गुटगुटीत बाळ पाहून 'गालच खाऊन टाकावा' असे वाटते, तेही ह्यांतलेच. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये असे सुचविले की, प्रेमाने भरून आलेले मन अशा उलट्या आविष्काराने आपला तोल सावरत असावे.

क्रोधाची बाजू मात्र कटू आहे. जळगाव व धुळे हे आपले जिल्हे ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतात, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे 2025 मध्ये एक प्रकरण आले. सासरच्या नातलगाने चावा घेतल्याची एका स्त्रीची फिर्याद होती. मानवी दात हे घातक हत्यार ठरत नाही, असे सांगून न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. मुळाशी मालमत्तेचा वाद दिसत असल्याचेही न्यायालयाने म्हटले. वाटणीची बोलणी जेथे खुंटतात, तेथे सुशिक्षित मनुष्यही दीड वर्षांच्या बालकाच्या पायरीवर उतरतो.

आता आपल्या खानदेशाविषयी. आपले मूल घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलते. बालवाडीत पाऊल टाकताच ती बोली 'अशुद्ध' ठरते. 'माले दे' म्हणणाऱ्या मुलास कोणी हसले, तर ते पुढच्या वेळी काय करील? तोंडचा शब्द आपण काढून घ्यावा आणि दात दिसताच शिक्षा करावी, हा कोठला न्याय? ज्या बोलीत बहिणाबाईंची गाणी निर्माण झाली, ती बालकाचा राग सांगण्यास खचित समर्थ आहे.

म्हणून आमची भगिनींस विनंती आहे की, 'चावल्यावर काय होते ते कळावे' म्हणून मुलास उलट चावू नये, जिभेस तिखट लावू नये. ज्यास लागले, त्यास आधी जवळ घ्यावे. कातडी फुटली असल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी आणि डॉक्टरांस दाखवावे. मनुष्याच्या तोंडातील जंतूंनी जखम चिघळते. चावणाऱ्यास शांतपणे 'चावायचे नाही, दुखते' एवढेच सांगावे, आणि त्याच्या मनातले वाक्य त्याच्याच बोलीत त्याच्या तोंडी द्यावे. चावणे कोणत्या वेळी घडते, हे काही दिवस पाहिले असता कारण बहुधा हाती लागते. चौथ्या वर्षानंतरही खोड राहिली, किंवा बोलणे फारच मागे असले, तर ऐकू नीट येते की नाही ह्याची तपासणी अवश्य करावी.

मुलांना शब्द देणे आणि आपापसांतील बोलणी तुटू न देणे, ही दोन्ही कामे एकच आहेत. आपल्या समाजाने ती अंगीकारावीत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.