चुंबकीय क्षेत्र पाण्याचे की तारेचे?

काचेची एक पेटी घ्या. तीत मिठाचे पाणी भरा, दोन इलेक्ट्रोड बुडवा आणि त्यांना ५० हर्ट्झचा एसी प्रवाह द्या. (घरच्या प्लगमधून थेट नव्हे, एवढे कृपा करून लक्षात ठेवा!) एसी अशासाठी की डीसी दिला तर इलेक्ट्रोडवर बुडबुडे साचतात, रसायने बदलतात आणि मोजमाप घसरत जाते. आता संगणकाला विचारायचे: या पेटीभोवती चुंबकीय क्षेत्र किती?

बहुतेक जण लगेच पाण्याकडे धावतात. फायनाइट एलिमेंटची जाळी विणतात, पाण्याची वाहकता भरतात, प्रवाहाच्या सुंदर वक्ररेषा काढतात. तारा मात्र चित्रात येतच नाहीत. माझ्या मते गणित बिघडते ते इथेच.

अथांग पाण्यात एकच बिंदुवत इलेक्ट्रोड आहे असे समजा. प्रवाह सर्व दिशांना सारखाच पसरतो. मग त्या प्रवाहामुळे होणाऱ्या क्षेत्राने वळावे तरी कुठे? डावीकडे वळायला जितके कारण, तितकेच उजवीकडे. म्हणून बायो-सावार नियमाने पाण्यातल्या प्रवाहाची बेरीज शून्य येते. दुसऱ्या इलेक्ट्रोडचीही तशीच. शून्यात शून्य मिळवले. उरते ते फक्त तारेचे क्षेत्र. इथे एखादा हुशार विद्यार्थी विचारतो, मग वर्तुळाभोवतीचे क्षेत्र त्यातून जाणाऱ्या प्रवाहावर ठरते, या अँपिअरच्या नियमाचे काय? तो अबाधित आहे. तारेच्या टोकापुढे पाण्यात वर्तुळ कल्पा. त्यातून जाणाऱ्या पाण्यातल्या प्रवाहावरून येणारे उत्तर आणि एकट्या तारेवरून काढलेले उत्तर तंतोतंत जुळते.

पेटी अथांग नसते, हे खरे. काचेपाशी प्रवाह अडतो, सममिती मोडते आणि पाण्याचाही वाटा येतो. पण तोही सीमेवरूनच काढता येतो. हृदयाच्या चुंबकीय क्षेत्राचा विचार करताना डेव्हिड गेसेलोविट्झ यांनी १९७० साली हेच मांडले: वाहकता एकसारखी असेल तर आतल्या पसरलेल्या प्रवाहाचा परिणाम पृष्ठभागावरच्या विभवावरून मिळतो. आणखी एक गोष्ट विसरू नये. प्रवाह काचेपाशी थांबतो, चुंबकीय क्षेत्र थांबत नाही. म्हणून भोवतालची पुरेशी हवाही जाळीत घ्यावी लागते.

तारेचा वाटा किती मोठा? एक अँपिअर वाहणाऱ्या लांब सरळ तारेपासून १० सेंटिमीटरवर क्षेत्र २ मायक्रोटेस्ला. दोन्ही तारा एकमेकींना पिळून आणल्या तर ते बरेचसे रद्द होते. उरतो तो भाग जिथे त्या फाकून आपापल्या इलेक्ट्रोडकडे जातात. म्हणून पेटी मोजण्याआधी तारांची वाट मोजावी.

एसीमुळे गणित अवघड होते का? समुद्राच्या पाण्यात ५० हर्ट्झला क्षेत्र क्षीण होण्याचे अंतर, म्हणजे स्किन डेप्थ, सुमारे ३६ मीटर. हातभर पेटीत तो प्रश्नच नाही. डीसीसारखे गणित चालते. एक मेगाहर्ट्झला मात्र तेच अंतर २५ सेंटिमीटरवर येते.

खुल्या समुद्रात हे सारे मोठ्या मापावर घडते. २००० साली अंगोलाच्या किनाऱ्यापलीकडे तेलाच्या शोधासाठी पाण्यात इलेक्ट्रोडांतून प्रवाह सोडण्याचे तंत्र आजमावले गेले. जहाज समुद्रतळाजवळून दोन इलेक्ट्रोडांची लांब केबल ओढते. पाव हर्ट्झसारखी संथ वारंवारिता घेतली की स्किन डेप्थ पाण्यात अर्धा किलोमीटर होते. तळाखाली तेल असेल तर खारे पाणी मुरलेल्या खडकापेक्षा तो थर विजेला जास्त अडवतो, आणि तळावरच्या यंत्रांना ते कळते. तिथे स्रोताचे बळ सांगताना गुणाकार करतात तो प्रवाहाचा आणि इलेक्ट्रोडांमधल्या केबलच्या लांबीचा.