उभ्या नळाचे ताण



जबलपूरला बिनतारी संदेशवहन अपरिचित नाही. भूदलाच्या सिग्नल कोअरचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे. बारा वर्षांवरील विद्यार्थ्यालाही परीक्षा देऊन हौशी रेडिओचा, म्हणजेच हॅम रेडिओचा, केंद्र सरकारचा परवाना मिळू शकतो. परवान्याची चौकशी पालक आवर्जून करतात. गच्चीवरचा तीस-चाळीस फुटांचा नळ कशाच्या आधारे उभा राहणार, हे क्वचितच विचारले जाते. तो कोसळला तर शेजारच्या गच्चीवर किंवा गल्लीतील विजेच्या तारांवर कोसळतो, आणि त्याला सावरण्यासाठी प्रथम धावते ते घरातले मूलच.

हा धडा रेडिओच्या जन्माइतका जुना आहे. 1901 साली मार्कोनीने कॉर्नवॉलमधील पोल्ढू येथे प्रत्येकी 200 फुटांचे 20 खांब वर्तुळाकार उभारले होते. खांबांची टोके ताणांनी एकमेकांस जोडलेली होती. प्रत्येक खांबाला स्वतंत्र आधार पुरेसा नव्हता. सप्टेंबरच्या वादळात सारे वर्तुळ आडवे झाले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील केप कॉडची तशीच रचनाही कोसळली. 12 डिसेंबरला न्यूफाउंडलंडमध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकला गेला, तो पतंगाने उचलून धरलेल्या तारेवर!

ताण फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून किमान तीन दिशांना, परस्परांत 120 अंशांचे अंतर ठेवून, प्रत्येकाचा स्वतंत्र खुंट हवा. खुंट नळाच्या बुडापासून किती दूर असावा, याकडे मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. समजा, ताण 10 मीटर उंचीवर बांधला आहे आणि वारा तेथे 100 किलोच्या जोराने आडवा ढकलतो आहे. खुंट 8 मीटर दूर असेल तर तारेवर सुमारे 160 किलो ओढ येते. 2 मीटरच दूर असेल तर 510 किलो. उरलेला सारा जोर नळाला खाली दाबतो आणि तो मध्येच वाकतो. गच्ची अरुंद असेल तर नळच कमी उंचीचा घ्यावा, हे मुलांना रुचत नाही. पण दुसरा उपाय नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि भारतीय मानक आयएस 875 मध्ये जबलपूरसाठी मूलभूत वेग सेकंदाला 47 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 170 किलोमीटर धरला आहे.

खुंट म्हणून गच्चीचा कठडा वापरण्याचा मोह सर्वांनाच होतो. विटांचा कठडा स्लॅबवर नुसता उभा असतो. बाहेरची ओढ सोसण्यासाठी तो बांधलेलाच नसतो. 22 मे 1997 च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी या शहरात अनुभवला, त्यांना विटांच्या भिंतींविषयी अधिक सांगणे नलगे. कडी काँक्रीटच्या तुळईत किंवा स्तंभात बसवलेली असावी.

रस्त्यावरील विजेच्या खांबाचा ताण जरा निरखून पाहावा. त्यात अंड्याच्या आकाराचा चिनी मातीचा रोधक असतो. दोन्हीकडच्या तारांचे फास त्यात एकमेकांत अडकवलेले असतात. रोधक फुटला तरी तार सुटून पडत नाही. घरच्या ताणातही तोच घालावा. तारेचे टोक दुमडून क्लिपा लावताना क्लिपेचे खोगीर भार वाहणाऱ्या तारेवर आणि यू-बोल्टचा विळखा मोकळ्या टोकावर यावा. उलट लावल्यास बोल्ट भाराच्या तारेलाच चिरडतो. टर्नबकल ताणून झाल्यावर त्यातून बारीक तार ओवून टाकावी, म्हणजे वाऱ्याच्या थरथरीने तो उलटा फिरत नाही. (आणि ताणावर कपडे वाळत घालू नयेत!)

सर्वांत धोक्याची वेळ जुना ताण बदलण्याची. पोलंडमधील कॉन्स्टान्टिनोव्ह येथील 646 मीटरचा मनोरा, त्या काळातील जगातली सर्वांत उंच रचना, 8 ऑगस्ट 1991 रोजी वादळात पडला नाही. त्याचे ताण बदलले जात असताना पडला. घरीही नवा तात्पुरता ताण घट्ट बांधून झाल्याखेरीज गंजलेला जुना सोडू नये. हे काम वैशाखातील आंधी सुरू होण्यापूर्वी, निवांत हवेत, किमान दोन जाणत्या माणसांनी मिळून करावे, आणि नळाच्या उंचीइतक्या अंतरात विजेची तार असेल तर नळ तेथे उभारूच नये.