गांजा, आपली मुले आणि काकांचा आजार
(मंडळाच्या बैठकीतील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आज गांजाबद्दल बोलायचे आहे, पण नीतीच्या अंगाने नाही. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ साली मतदान घेऊन प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला, मग इतरही राज्ये आली. मी त्या बदलाच्या बाजूचा आहे. गांजापायी हजारो काळ्या तरुणांना तुरुंगात डांबणे अन्यायच होता. पण कायद्यात वयाची अट २१ आहे, आणि माझा मुद्दा त्याच्या अलीकडच्या वयाचा आहे.

स्वीडनमध्ये १९६९-७० साली लष्करभरतीच्या वेळी सुमारे ४५ हजार तरुणांना नशेबद्दल विचारले होते. पंधरा वर्षांच्या नोंदी पाहिल्यावर, पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट निघाले. "आधीच बिघडलेली मुले गांजाकडे वळतात" ही शंका रास्त आहे, काही अंशी खरीही आहे. तो भाग वजा केला की आकडा बराच उतरतो, पण धोका उरतोच. कॅनडातल्या ओंटारिओचा २०२४ चा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. तिथे १२ ते १९ वयात गांजा घेणाऱ्यांत सायकोसिसचा धोका अकरापट दिसला, विशी ओलांडलेल्यांत मात्र तसा संबंध दिसला नाही. शिवाय मालही बदलला आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ साली टीएचसी सुमारे ४ टक्के होते, २०१४ पर्यंत १२ टक्के झाले.

तरीही ओढणाऱ्या बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. मग कोणाला होतो? आईवडील किंवा भावंडाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुळातच धोका सुमारे दहापट असतो. काका-मामांना असेल तर तेवढा नाही, पण वाढतोच.

आणि इथे आपली गाडी अडते. आपल्याकडे काका "जरा विक्षिप्त" असतात, आत्याला "बाधा" झालेली असते, मामांनी "अभ्यासाचे टेन्शन घेतलेले" असते. लग्ने जुळावीत म्हणून जे झाकले, ते आपली माणसे इथवर झाकूनच घेऊन आली. डॉक्टरांच्या फॉर्मवर डायबिटीसचा तीन पिढ्यांचा इतिहास लिहितात, आणि मानसिक आजारापुढे बिनदिक्कत "नाही"!

सोळा वर्षांच्या मुलाला "ड्रग्ज वाईट" एवढे सांगून भागत नाही. ओढणारे मित्र त्याला ठणठणीत दिसत असतात. "तुझ्या काकांना हा आजार होता, म्हणून तुझा हिशेब मित्रांपेक्षा वेगळा आहे," हे त्याला पटू शकते, कारण ते खरे आहे.

मूल खोलीबाहेर येईनासे झाले, मित्र तुटले, कुणी पाळत ठेवते आहे असे म्हणू लागले, तर "वयच तसे आहे" म्हणत वर्ष घालवू नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात (२०१५) निम्म्या रुग्णांचे उपचार सुरू व्हायला ७४ आठवडे किंवा अधिक लागले होते. लवकर आलेल्यांना त्याच उपचारांचा जास्त फायदा झाला. सुरुवातीच्या सायकोसिससाठी इथे आता खास क्लिनिक्स आहेत. तिथेही घराण्यातल्या आजारांबद्दल विचारतातच. तेव्हा भारतात फोन करून आधीच विचारून ठेवा. ज्यांना हे आठवते ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.