ट्रायम्फच्या उजव्या खुंटीचा पंचनामा



जुन्या स्पोर्ट्स मोटारींविषयी बोलावयास उभा राहणारा वक्ता बहुधा त्यांच्या वेगाचे आणि डौलाचे वर्णन करून सभा जिंकतो. मला मात्र आज आपणांस मोटारीच्या पोटाखाली, वंगणाने आणि चिखलाने माखलेल्या एका लोखंडी खुंटीपर्यंत न्यावयाचे आहे. ही खुंटी कॉव्हेन्ट्रीच्या ट्रायम्फ कारखान्यातून १९७६ पर्यंत बाहेर पडलेल्या टीआर-६ या मोटारीची. ज्यांनी आपल्याकडे मद्रासेत तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड चालविली असेल, त्यांना हे घराणे अगदीच परके वाटू नये.

या खुंटीची कैफियत समजून घ्यावयाची, तर थोडे मागे जावे लागेल. १९५३ च्या टीआर-२ पासून मागची दोन्ही चाके एका अखंड आसावर बसविलेली असत, आणि चाके फिरविताना उत्पन्न होणारा उलटा पीळ लांबलचक कमानपाटे निमूटपणे सोशीत. १९६५ च्या टीआर-४ए मध्ये प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र निलंबन मिळाले. प्रवास सुखाचा झाला, परंतु डिफरन्शिअल आता आसाबरोबर हलणारे न राहता चासीच्या दोन आडव्या पुलांना चार खुंट्यांनी टांगले गेले, आणि पूर्वी पाट्यांनी वाहिलेला तो पीळ या चार खुंट्यांच्या माथी आला. पुढे १९६७ साली टीआर-५ मध्ये सहा सिलिंडरांचे अडीच लिटरचे इंजिन बसविण्यात आले व शक्ती १०४ अश्वशक्तीवरून, कारखान्याच्या सांगण्याप्रमाणे, १५० वर गेली. खुंट्यांची तजवीज मात्र जवळजवळ होती तशीच राहिली, आणि या हयगयीचे माप टीआर-६ च्याही पदरात पडले.

तडा बहुतेक वेळा उजवीकडच्या पुढच्या खुंटीपाशीच जातो, यात योगायोग नाही. समोरून पाहिले असता हे इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. पहिल्या गिअरमध्ये त्याचा पीळ सुमारे तिप्पट होऊन प्रॉपेलर शाफ्टच्या हवाली होतो, आणि तो पीळ डिफरन्शिअलच्या पेटीलाही आपल्याबरोबर फिरवू पाहत असल्यामुळे पेटीची उजवी बाजू वर उचलली जाते. त्याच क्षणी चाके रस्त्याला मागे रेटीत असतात, त्याची प्रतिक्रिया म्हणून पेटीचे नाकही वर उठते. डाव्या पुढच्या खुंटीवर हे दोन रेटे एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. उजव्या पुढच्या खुंटीवर ते एकत्र होतात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच दिशा उलटते. अशा रीतीने पातळ पत्र्यात वेल्डिंगने बसविलेली ती खुंटी वर्षानुवर्षे वरखाली हेलकावत राहते, आणि एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी तसा तो पत्रा खुंटीभोवती अर्धवर्तुळात फाटतो. एका धक्क्याने जो भार धातूला काहीच करू शकत नाही, तोच भार लक्षावधी वेळा आला म्हणजे धातू तुटतो, हे ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते.

आता दुरुस्ती. क्लच सोडताना मागून ‘ठक्’ असा आवाज आला, की पुष्कळ मालक रबरी बुश बदलून समाधान मानतात. याहून वाईट म्हणजे तड्यावरच वेल्डिंगची रेघ ओढून मोकळे होणे. कारण भाराची वाट तीच राहते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने दुबळ्या झालेल्या कडेला नवा तडा जातो. योग्य रीत अशी: या मोटारीत पेट्रोलची टाकी आसनांच्या मागे, डिफरन्शिअलच्या वरच्या अंगाला असल्यामुळे ती आधी उतरवावी (या बाबतीत घाई करणाऱ्याची मला धास्ती वाटते), मग डिफरन्शिअल खाली घ्यावे, पत्रा उघडा करावा, भेदक रंग लावून तड्याचे खरे टोक शोधावे, फाटलेला भाग जुळवून वेल्ड करावा, आणि शेवटी खुंटीच्या दोन्ही बाजूंस जाड पत्र्याच्या त्रिकोणी पट्ट्या जोडून तो उघडा पूल खोक्यासारखा बंद करावा. एका बाजूचे काम निघाले तर चारही खुंट्या बळकट करून घ्याव्यात. पॉलियुरेथेनच्या कडक बुशांचा हल्ली फार बोलबाला आहे, पण पूल बळकट केल्याशिवाय ते बसविणे मला गैर वाटते. रबराने गिळावयाचा धक्का ते थेट पत्र्यापर्यंत पोहोचवितात.

मागची चाके धरणाऱ्या तिरप्या भुजांचे आधार हे याच रोगाचे दुसरे ठिकाण, मात्र तेथे वारंवारच्या भाराने येणाऱ्या धातूच्या थकव्यापेक्षा गंजाचा वाटा मोठा. इंग्लंडच्या हिवाळी रस्त्यांवर पसरलेले मीठ त्या सांदीकोपऱ्यांत साठून राहते. तेथे हात घातल्यास चाकांचे कोन नव्याने जुळविणे ओघानेच आले.

टीआर-६ विकत घेण्याच्या विचारात असणाऱ्यांस माझी विनंती एवढीच, की रंगाची आणि आसनांची तारीफ ऐकण्यापूर्वी मोटार घोड्यांवर चढवावी, कटावणीने डिफरन्शिअलचे नाक किंचित उचलून उजवी पुढची खुंटी डोळ्यांनी पाहावी, आणि विक्रेता त्यास हरकत घेईल तर बयाणा देऊ नये.