खाच जुळली, भाषा जुळेना

जुन्या पॉवर मॅक संगणकात साध्या पीसीचे ग्राफिक्स कार्ड ज्यांनी कधी हौसेने बसवून पाहिले असेल, त्यांना खाच तंतोतंत जुळते, स्क्रू नीट आवळला जातो, पंखा फिरू लागतो आणि तरीही पडदा मात्र काळाच राहतो, हा अनुभव निश्चित आलेला असेल. मला तो आला, आणि त्याचे कारण उमगेपर्यंत मी कार्डच बिघडले आहे असे समजत होतो.

कार्डावर रॉम नावाची एक चिमुकली चिप असते, आणि यंत्र जागे होताना, विंडोज किंवा मॅक ओएसचा अंमल सुरू होण्यापूर्वीच, कार्ड कसे सिद्ध करावे याचे हुकूम तिच्यात लिहिलेले असतात. पीसीच्या कार्डावर ते इंटेल घराण्याच्या प्रोसेसरच्या यंत्रभाषेत असतात. पॉवर मॅकला जागे करणाऱ्या ‘ओपन फर्मवेअर’ या आज्ञावलीला मात्र फोर्थ भाषेवर आधारलेला ‘एफकोड’ हवा असतो. केवळ फारसी जाणणाऱ्या मुनशीच्या हाती मोडीतला खलिता पडावा, तशी ही गत होय.

वास्तविक १९९४ साली प्रमाणित झालेला हा एफकोड कोणत्याही प्रोसेसरवर चालावा अशाच हेतूने रचलेला होता, आणि एकाच रॉममध्ये निरनिराळ्या यंत्रांसाठी निरनिराळे मजकूर ठेवण्याची मुभा पीसीआय या कार्डजोडणीच्या पद्धतीच्या नियमांतच आहे. म्हणजे दुभाषी कार्ड अशक्य नव्हते. परंतु पीसीच्या पुष्कळ कार्डांवर ६४ किलोबाइटांचीच चिप असे, मॅकच्या मजकुराला अनेकदा १२८ लागत, आणि मग हौशी मंडळी जुनी चिप उखडून मोठी चिप डाखाने जोडीत. पॉवर मॅक जी-४ मध्ये एजीपी या खाचेची काही नवी कार्डे चालावीत म्हणून त्यांच्या ३ व ११ क्रमांकांच्या संपर्कपट्ट्या चिकटपट्टीने झाकण्याची तजवीजही त्यांनीच शोधली. या चिकाटीविषयी मला मनापासून आदर वाटतो.

२००६ च्या मॅक प्रोत इंटेलचाच प्रोसेसर आला, तरी फर्मवेअर पीसीहून वेगळे, ईएफआय नावाचे असल्यामुळे पीसीचे कार्ड, मॅक ओएसमध्ये त्याचा ड्रायव्हर असला तरच, तो दाखल झाल्यावर चित्र दाखवी, तोवर अंधार. २००८ मध्ये एटीआयने रेडिऑन एचडी ३८७० हे कार्ड मॅक आणि पीसी या दोहोंसाठी विकले, तेव्हा इच्छा असल्यास हे साधते याचा दाखलाच मिळाला. म्हणूनच २०२३ च्या मॅक प्रोत पीसीआय एक्सप्रेसच्या खाचा असूनही त्यांत ग्राफिक्स कार्ड मुळीच चालत नाही, याची मला फार हळहळ वाटते.