२०५० साली उभ्या असतील त्या इमारती

(स्नेहमेळाव्यातील भाषण. छापण्यासाठी थोडं आवरतं घेतलं आहे.)



संयोजकांनी मला ‘एआय आणि आपली मुलं’ हा विषय सुचवला होता. सॉफ्टवेअरमधल्या माणसाला हल्ली लग्नाच्या पंगतीतही दुसरं काही विचारत नाहीत. मी विषय बदलून मागितला. गेल्या वर्षभरात इथल्या निम्म्या लोकांशी माझं फोनवर बोलणं झालं, ते एकाच गोष्टीवर : ‘आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तुमचं कुठपर्यंत आलं?’ त्या बोलण्यात कारपेट येतं, कॉर्पस येतो, भाडं आणि पार्किंग येतं. वीज कुठून येणार आणि कचरा कुठे जाणार, हे काही येत नाही. त्याबद्दल थोडं बोलते.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. २०५० पर्यंत शहर ‘नेट झिरो’ करायचं, असं त्यात म्हटलंय. म्हणजे शहरामुळे हवेत जाणारा कार्बन आणि परत शोषला जाणारा कार्बन यांची वजाबाकी शून्य. देशाने स्वतःसाठी २०७० ची मुदत घेतली आहे. मुंबईने २० वर्षं आधीची घेतली. हिशेबाचं मूळ वर्ष २०१९. त्या वर्षी शहराच्या नावावर सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन होता, माणशी साधारण १.८ टन. आकडा अनेक मोठ्या शहरांपेक्षा कमी आहे, आणि त्याचं बरंचसं श्रेय आपल्या लोकल गाडीला जातं. व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ ला. ‘ग्रीन’ हा शब्द फॅशनमध्ये येण्याच्या कितीतरी आधीपासून आपण लटकत लटकत ग्रीन प्रवास करतोय.

आराखड्यातले टप्पे बघा. २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के, आणि २०५० ला शून्य. म्हणजे मधल्या दहा वर्षांत १४ टक्के आणि शेवटच्या दहा वर्षांत उरलेले ५६. आमच्या धंद्यात असा प्लॅन कुणी दाखवला, तर आम्ही म्हणतो, याने सगळं काम शेवटच्या आठवड्यावर ढकललंय. पण इथे पालिकेला सरळ दोष देता येत नाही, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे.

शहराच्या कार्बनपैकी सुमारे ७२ टक्के आपण घरात, दुकानात, कारखान्यात वापरतो त्या ऊर्जेचा आहे, त्यातही मुख्यतः विजेचा. सुमारे २० टक्के वाहतुकीचा. उरलेला कचऱ्याचा. आता वीज पालिका बनवत नाही. ती बहुतांशी कोळशाची येते, आणि कोळसा किती जाळायचा हे दिल्लीत आणि मंत्रालयात ठरतं. मग पालिकेच्या हातात काय उरतं? वाटतं त्यापेक्षा जास्त. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज वाटते ती ‘बेस्ट’, आणि बेस्ट हा पालिकेचाच उपक्रम आहे. ती कोणाकडून कसली वीज विकत घेते, हा पालिकेच्या घरातला प्रश्न आहे. उपनगरात मात्र खाजगी कंपन्या, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण. तिथे पालिका फक्त विनंती करू शकते.

बसगाड्या बेस्टच्याच. त्या विजेवरच्या येताहेत, हे चांगलंच आहे. पण एकेकाळी चार हजारांवर गाड्या असलेल्या बेस्टकडे आज तीन हजारसुद्धा नाहीत. स्टॉपवर अर्धा तास उभा राहिलेला माणूस शेवटी रिक्षाला हात करतो किंवा स्कूटर घेतो, आणि त्या स्कूटरचा धूर बेस्टच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. न आलेली बस कितीही इलेक्ट्रिक असली, तरी तिने कार्बन वाचत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि त्याच आठवड्यात आराखडा जाहीर झाला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे आराखडा आला तेव्हा त्यावर ‘आमच्या वॉर्डात काय?’ असं उठून विचारणारं सभागृहच नव्हतं. अधिकाऱ्यांनी नंतर हवामानाचं वेगळं बजेटही मांडलं, २०२४-२५ चं. दहा हजार कोटींच्या वर, भांडवली खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. त्यात पूर, नाले, सांडपाणी यांचा वाटा मोठा आहे. ती कामं हवीतच, २६ जुलै आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. पण नाला रुंद केल्याने पाणी तुंबत नाही. कार्बन कमी होतो असं नाही. दोन्ही एकाच पाटीत घातलं, की पाटी भरलेली दिसते.

आता आपल्या कॉलनीकडे येते. कन्नमवार नगर, टागोर नगर. तळमजला आणि वर तीन-चार मजले, लिफ्ट नाही, प्रत्येक खिडकीवर छज्जा, एका दारातून शिरलेला वारा दुसरीकडून बाहेर. घरं लहान होती, गळत होती, आणि सत्तरीतल्या आईला चौथ्या मजल्यावर चढवताना काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा टॉवर नकोत असं मी म्हणत नाही. स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर जास्त लोक राहिले, तर गाड्या कमी लागतात, हेही खरं. मी एवढंच म्हणते, की आज जी इमारत उठेल, ती २०५० साली उभीच असणार. पालिकेचा आराखडा दर पाच वर्षांनी बदलता येईल. भिंत बदलता येणार नाही. शहराच्या ७२ टक्क्यांतला आपला वाटा आत्ता, या वर्षी-दोन वर्षांत, करारनाम्याच्या कागदावर ठरतोय.

थोडं गणित करू. बाई, घाबरू नका, तुम्ही शिकवलंय तेवढंच आहे. गच्चीवर एक किलोवॉट सोलर बसवायला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. समजा, जुन्या इमारतीत ४० घरं आणि ४००० फुटांची गच्ची. निम्मी वापरली तर २० किलोवॉट, दिवसाला ८० युनिट. घर दिवसाला ४ युनिट वापरतं असं धरलं तर लागतात १६०. म्हणजे निम्मी गरज गच्चीवरच भागते. आता टॉवर : १५० घरं, गच्ची ६००० फूट, निम्मी वापरून १२० युनिट. एसी आल्यावर घरटी ८ युनिट धरा, लागतात १२००. म्हणजे दहावा हिस्सा. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे, यापलीकडे फारसं नाही. बहुतांशी कोळशाच्या या विजेचं एक युनिट म्हणजे साधारण ७०० ग्रॅम कार्बन. इमारत जितकी उंच, तितकी तिची मदार बाहेरच्या विजेवर.

म्हणून तो दहावा हिस्सा तरी सोडू नका. बिल्डरच्या चित्रात गच्चीवर योगा डेक असतो, लॉन असतं, कुठे छोटासा तलावही असतो. पॅनलला जागा शिल्लक राहत नाही. लिफ्टची खोली आणि पाण्याच्या टाक्या गच्चीच्या उत्तर बाजूला घ्यायला सांगा, म्हणजे त्यांची सावली बहुतेक वर्षभर पॅनलवर पडणार नाही. गच्चीपासून मीटर रूमपर्यंत केबलसाठी डक्ट आत्ताच ठेवायला सांगा. नंतर भिंत फोडायला सोसायटीत कुणी परवानगी देत नाही. सामायिक वापरासाठी सोसायटीने सोलर लावलं तर केंद्राच्या सूर्यघर योजनेतून किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. मंजूर लोड ठरवताना पार्किंगमधल्या गाड्यांच्या चार्जिंगचा विचार करा.

आणि खिडकी. खिडकीबद्दल मला जरा राग आहे. जुन्या घरात खिडकी पूर्ण उघडायची. आता सरकत्या काचा, म्हणजे खिडकी कितीही मोठी असली तरी उघडते निम्मीच. छज्जा नाही, म्हणून दुपारभर काच तापते, पावसात पाणी आत, मग काच बंद, मग एसी. हे सगळं एका ओळीने टळतं : ‘खिडक्या पूर्ण उघडणाऱ्या आणि छज्जासह असाव्यात.’ ही ओळ नकाशा मंजूर होण्याआधी लिहावी लागते. एकदा ओसी मिळाली की ती आपल्या नातवंडांच्या विजेच्या बिलात जाते.

कचऱ्याचं तर आपल्याला सांगायला नको. शहराचा बहुतेक सगळा कचरा आज कांजूरला येतो. मुलुंडचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद झालं, देवनार १९२७ पासून भरतंय. ओला कचरा दाबून ठेवला की मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो. कांजूरला तो गोळा करायची व्यवस्था आहे. शहराच्या कागदावर ती जमेची बाजू आहे. आपल्या खिडकीत मात्र वास येतो, आणि त्याबद्दल इथले रहिवासी उच्च न्यायालयापर्यंत गेले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. दिवसाला १०० किलोवर कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा पालिकेचा २०१७ पासूनचा आग्रह आहे. माणशी अर्धा किलो धरा. जुनी ४० घरांची इमारत ८० किलोवर थांबायची. १५० घरांचा टॉवर ३०० किलोवर जातो. म्हणजे टॉवर झाला की आपण त्या नियमात बसतो, आणि बिल्डर काय करतो? पोडियमच्या कोपऱ्यात खताचं एक यंत्र ठेवून फोटो काढतो. ते चालवायला पाणी, वीज, वारा आणि एक पगारी माणूस लागतो. त्याची जागा आणि दोन वर्षांचा खर्च करारात नसेल, तर ते यंत्र सहा महिन्यांत झाडू ठेवायची खोली होतं, आणि आपला कचरा कांजूरला जाऊन वासाने घरी परत येतो.

पाण्याचं थोडक्यात सांगते. मुंबईला तलावांचं पाणी बरंचसं उताराने येतं, विजेशिवाय. आता जास्त पाणी हवं, त्यासाठी दोन वाटा आहेत. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचं : दिवसाला २० कोटी लिटर, हजार लिटरला तीन-चार युनिट, म्हणजे रोज सहा-आठ लाख युनिट वीज. किंवा वाड्याकडे गारगाईवर धरण : वीज नगण्य, पण तानसा अभयारण्यातली दोन लाखांहून अधिक झाडं आणि काही गावं. आधी गारगाई बाजूला ठेवून मनोरी पुढे आली, मग गारगाई परत आली. शंभर वर्षांपूर्वी मुंबईला जलविद्युत हवी होती तेव्हा मुळशीचे शेतकरी सत्याग्रहाला बसले होते. आपल्या वहीतला कार्बन कमी होतो, तेव्हा तो खर्च दुसऱ्या कुणाच्या वहीत चढला का, हे बघावं लागतं. टॉवरचं सिमेंट आणि लोखंड बनताना निघालेला कार्बनही शहरांच्या प्रचलित हिशेबात येत नाही. तो कारखान्याच्या गावाच्या नावावर लिहिला जातो. म्हणून टॉवरमध्ये पाण्याचे दोन वेगळे पाइप, फ्लशला वापरलेलं पाणी, हे मागताना आपण चार पैसे वाचवतोय एवढंच नाही. गारगाईच्या माणसांशीही त्याचा संबंध आहे.

मला कुणीतरी मघाशीच विचारलं, ‘हे सगळं मागितलं तर बिल्डर कारपेट कमी करेल ना?’ थोडंफार करेलही. छज्जा, डक्ट, टाकीची दिशा, यांना जागा जवळजवळ लागत नाही. खताची जागा आणि वेगळा पाइप यांना लागते, आणि तिथे सभेत भांडण होणार. माझ्या मते दहा फूट कारपेट त्यासाठी सोडण्यासारखं आहे. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण निदान विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय तरी येऊ दे. पीएमसी नेमताना त्याला विचारा, की याआधी कुठल्या इमारतीत सोलर लावलंय आणि ते चालू आहे का. आणि वॉर्डात नगरसेवक मत मागायला येतील तेव्हा त्यांना आराखड्यातलं एकच विचारा : आपल्या वॉर्डाचा २०३० चा आकडा काय?

आपल्या बॅचमध्ये दोन इलेक्ट्रिकल कंत्राटदार आहेत, एक आर्किटेक्ट आहे, आणि वकील तर चार आहेत. मी या सगळ्या गणिताची एक एक्सेल शीट करून आणली आहे. घरं, गच्ची आणि मजले घातले की बाकीचं ती सांगते. ज्यांच्या करारावर अजून सह्या व्हायच्या आहेत, त्यांनी मसुदा मोबाइलवर असेल तर उघडून ठेवा. जेवणानंतर दहावी ‘ब’च्या वर्गात बसू. तिथला पंखा चालतो, मी सकाळीच बघून आले आहे.